वाचकांचे प्रश्न: रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह' आलंय, मग घरघर का थांबत नाही?

या वेळी आलेल्या प्रश्नांत बरेचसे एकाच विषयावरचे निघाले, कोंबड्यांमधला मायकोप्लाझ्मा हा श्वासनळीचा जंतू आणि त्याच्यावर कुठलं अँटिबायोटिक चालतं, कुठलं नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि अख्खा कॉलम यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: मॅडम, माझा ब्रॉयलरचा लॉट २४ दिवसांचा आहे. चार-पाच दिवस झाले, रात्री शेडमध्ये गेलं की घरघर ऐकू येते, काही पक्ष्यांच्या नाकातून पाणी, डोळ्यात फेस, खाणंही कमी झालंय. मेलेल्या पक्ष्यांचं पोस्टमार्टम करून लॅबला नमुने पाठवले, त्यांनी सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) सांगितलं आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये अमॉक्सिसिलिन, कोलिस्टिन दोन्ही 'सेन्सिटिव्ह' आले. पाच दिवस अमॉक्सिसिलिन दिलं, मर कमी झाली पण घरघर आहे तशीच आहे. रिपोर्ट चुकलाय का?

उत्तर: रिपोर्ट बहुतेक बरोबरच आहे, फक्त तो दुसऱ्या जंतूचा आहे. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट परत एकदा बघा, वरच्या बाजूला जिथे कुठला जंतू वाढला ते लिहितात तिथे ई. कोलाय लिहिलंय. म्हणजे अमॉक्सिसिलिन चालतं ते त्या ई. कोलायवर. मायकोप्लाझ्माची त्या रिपोर्टमध्ये तपासणीच झालेली नाही.

आता हे दोन जंतू एकाच पक्ष्यात कसे, तर सीआरडीत सुरुवात मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम करतो, त्याला सगळे एमजी म्हणतात. तो श्वासनळीच्या आतल्या अस्तराला चिकटतो, तिथे केसांसारखे बारीक तंतू असतात जे धूळ आणि कफ सतत वर ढकलत असतात, ते तो निकामी करतो. एकदा ही झाडलोट थांबली की शेडमधल्या धुळीबरोबर येणारा ई. कोलाय सरळ खाली वातपिशव्यांत उतरतो, आणि पोस्टमार्टममध्ये वातपिशव्यांवर, हृदयावर, लिव्हरवर जो पिवळट चीजसारखा थर दिसतो तो मुख्यतः याचा उद्योग असतो. मर जास्त होते ती ई. कोलाय शिरल्यावर. नुसता एमजी असेल तर पक्षी घरघरतो, वजन घेत नाही, पण मरतूक फारशी नसते. म्हणून तुमच्याकडे जे झालं ते अगदी रोगाच्या स्वभावाप्रमाणेच झालं बघा, अमॉक्सिसिलिननं ई. कोलाय दाबला, मर कमी झाली, आणि घरघर करणारा जागेवरच राहिला.

तो राहणारच होता. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन ही सगळी औषधं जंतूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाहीत, आणि मायकोप्लाझ्माला भिंतच नाही. नुसतं एक पातळ आवरण असतं. जिथे भिंत नाही तिथे भिंत पाडणारं औषध काय करणार. लॅबमध्ये मायकोप्लाझ्मा वाढवायचा असतो ना, तेव्हा त्या मिडियममध्ये आम्ही मुद्दाम पेनिसिलिन घालतो, म्हणजे बाकीचे जंतू मरावेत आणि हा एकटा निवांत वाढावा! हे एवढं लक्षात ठेवलं तरी अमॉक्सिसिलिनचं कोडं सुटतं.

कोलिस्टिनचंही तसंच, ते ई. कोलायसारख्या जंतूंचं जे बाहेरचं खास आवरण असतं त्याला धरतं, मायकोप्लाझ्माकडे ते नाही. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम जंतूला फॉलिक ॲसिड बनवू देत नाहीत, पण मायकोप्लाझ्मा ते स्वतः बनवतच नाही, त्यामुळे तिथेही अडवण्यासारखं काही नाही. या तीन गटांसाठी कुठल्याही लॅबची गरज नाही, मायकोप्लाझ्मावर ती कालही चालत नव्हती आणि उद्याही चालणार नाहीत. चालू शकतात ती औषधं म्हणजे जी जंतूच्या प्रोटीन बनवण्याच्या यंत्रणेवर किंवा डीएनएवर काम करतात, टायलोसिन, टिल्मिकोसिन, टायल्वालोसिन, लिंकोमायसिन, टियामुलिन, डॉक्सिसायक्लिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन. यातलं तुमच्या लॉटमधल्या स्ट्रेनवर (जंतूच्या वाणावर) नेमकं कुठलं चालेल हा मात्र वेगळा प्रश्न आणि त्याला तपासणी लागते.

मी लॅबमध्ये नवीन होते तेव्हा एका शेतकऱ्याला असाच ई. कोलायचा रिपोर्ट सीआरडीचा म्हणून वाचून दाखवला होता. त्यांनी माझ्या शब्दावर कोर्स केला आणि आठ दिवसांनी परत आले, पक्षी तसेच. चूक माझी होती. तेव्हापासून रिपोर्ट हातात आला की आधी जंतूचं नाव वाचते, मग औषधांची यादी, आणि तुम्हालाही तेच सांगीन.

एक राहिलंच, अशीच घरघर रानीखेत आणि आयबी (ब्रॉन्कायटिस) या व्हायरसच्या रोगांतही होते, आणि व्हायरसवर यातलं कुठलंच औषध चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना मायकोप्लाझ्माबरोबर या दोन्हींचीही पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी टेस्ट) करायला सांगा.

प्रश्न: मी नुकताच पोल्ट्री प्रॅक्टिसमध्ये आलोय. मायकोप्लाझ्माची डिस्क टेस्ट का करत नाहीत? आणि एका मोठ्या लॅबकडून एमआयसीचे (जंतूची वाढ रोखणाऱ्या सगळ्यात कमी औषधाचे) आकडे आले, टायलोसिन ४, टियामुलिन ०.०६, एन्रोफ्लॉक्सासिन २. यात एन्रो २ आणि टायलोसिन ४ म्हणजे एन्रो टायलोसिनच्या दुप्पट चांगलं असं समजायचं का?

उत्तर: नाही, असं अजिबात समजू नका, आणि विचारलंत ते बरं केलंत कारण ही चूक खूप जण करतात.

आधी डिस्कचं. ई. कोलाय एका रात्रीत प्लेटभर पसरतो, डिस्कमधलं औषध तेवढ्याच वेळात आजूबाजूला झिरपतं आणि सकाळी गोल स्वच्छ भाग दिसतो, तो मोजायचा. मायकोप्लाझ्माला वाढायला काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडे सुद्धा. तोपर्यंत डिस्कमधलं औषध पसरून पातळ झालेलं असतं, काही औषधं त्या उबेत खराबही होतात. शिवाय त्याच्या वसाहती इतक्या लहान की मायक्रोस्कोपखालीच दिसतात, मध्ये गडद ठिपका आणि भोवती फिकट कडा, हाफ फ्राय केलेल्या अंड्यासारख्या. आणि त्याला साधं मिडियम चालत नाही, सीरम, यीस्टचा अर्क, साखर सगळं द्यावं लागतं कारण हा जंतू बऱ्याच गोष्टी स्वतः बनवायचं विसरलेला आहे, एमजीचा अख्खा जीनोम जेमतेम १० लाख अक्षरांचा, ई. कोलायचा ४६ लाखांच्या घरात. मायकोप्लाझ्मा सायनोव्ही, म्हणजे एमएस, त्याला तर वरून एनएडी नावाचा एक पोषक घटक पण घालावा लागतो.

म्हणून याची टेस्ट द्रव मिडियममध्ये होते. ९६ खळग्यांची प्लेट घेतात, एकेका रांगेत औषध निम्मं निम्मं करत नेतात, ८, ४, २, १, ०.५ असं खाली खाली, आणि प्रत्येक खळग्यात ठराविक जंतू घालतात. मिडियममध्ये फिनॉल रेड असतं. जंतू वाढला की साखर खाऊन आम्ल करतो आणि लाल रंग पिवळा होतो. ज्या सगळ्यात कमी औषधाच्या खळग्यात रंग लालच राहिला ती एमआयसी, मिलिलिटरला इतके मायक्रोग्रॅम. यात एक बारकावा आहे तो लॅबला जरूर विचारा, आकडा पहिल्या वाचनाचा आहे की शेवटच्या? औषध न घातलेला खळगा पिवळा झाला की पहिलं वाचन, आणि पुढे काही दिवस ठेवून परत एक. कारण काही औषधं जंतूला मारत नाहीत, नुसती थोपवतात, मग नंतरच्या दिवसांत आकडा वर सरकतो. पहिला ०.२५ आणि शेवटचा २ असं झालं तर तो नुसता थोपवला गेला होता असं समजायचं, अर्थात औषधच इतक्या दिवसांत खराब झालं असंही असू शकतं, डॉक्सिसारख्या औषधात ते होतं.

आता तुमचे आकडे. एमआयसी दोन वेगवेगळ्या औषधांची आपसात लावून बघायची नसते. प्रत्येक औषध शरीरात वेगळं वागतं, टायलोसिन, टिल्मिकोसिन ही औषधं रक्तात कमी आणि फुफ्फुसाच्या पेशींत जास्त साठतात, त्यामुळे रक्तातला आकडा बघून त्यांचा अंदाज येत नाही. आकडा लावायचा तो त्याच औषधाच्या नेहमीच्या आकड्याशी. औषधाला कधी न सरावलेल्या एमजीवर टायलोसिन, टियामुलिन, एन्रोफ्लॉक्सासिन तिन्हींची एमआयसी साधारण ०.१ च्या आसपास किंवा त्याखाली असते. त्या हिशोबानं बघा, तुमच्या स्ट्रेनवर टियामुलिन ०.०६ म्हणजे जिथे असायला हवं तिथेच आहे, टायलोसिन ४ आणि एन्रो २ हे दोन्ही कितीतरी वर गेलेत. दोन्ही गेलेच समजा. मी तुमच्या जागी असते तर टियामुलिनचा विचार केला असता, पण फीडमध्ये कुठलं कॉक्सिडिओस्टॅट (आतड्याचा कॉक्सिडिओसिस रोखणारं औषध) आहे ते बघितल्याशिवाय नाही, त्याबद्दल खाली एक प्रश्न आहे तो नक्की वाचा.

आणि लक्षात असू द्या की कोंबड्यांच्या मायकोप्लाझ्मासाठी 'इतक्या खाली सेन्सिटिव्ह, इतक्या वर रेझिस्टंट' अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ ठरलेली नाहीये, लॅब जे 'एस' आणि 'आर' लिहितात ते बऱ्याचदा दुसऱ्या प्राण्यांच्या नाहीतर दुसऱ्या जंतूंच्या आकड्यांवरून आणलेलं असतं. म्हणून आकडा मागा, नुसतं अक्षर नको.

प्लेटमध्ये चालतं पण पक्ष्यात पोचतच नाही असंही असतं हे पण जाता जाता सांगते. निओमायसिन, जेंटामायसिन पाण्यातून दिलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, मग श्वासनळीतल्या जंतूला त्याचा काय उपयोग.

प्रश्न: टायलोसिननं आमच्याकडे वर्षानुवर्षं काम केलं. गेल्या तीन लॉटपासून काहीच फरक पडत नाही. दुकानदार म्हणतो लिंकोमायसिन द्या नाहीतर टिल्मिकोसिन द्या. कंपनी बदलून बघू का?

उत्तर: कंपनी बदलून काही होणार नाही आणि दुकानदारानं सुचवलेल्या दोन्हींवरही माझा फारसा भरवसा नाही. कारण सांगते. टायलोसिन जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे जिथे प्रोटीन बनतं त्या जागी, एका ठराविक खाचेत जाऊन बसतं. लिंकोमायसिन आणि टिल्मिकोसिन बसतात तेही त्याच शेजारात. त्या खाचेतलं एखाददुसरं अक्षर बदललं, म्हणजे २३एस आरएनएमधलं २०५८ किंवा २०५९ नंबरचं, की टायलोसिन तिथे नीट बसत नाही आणि त्याच्याबरोबर बाकीची दोन्हीही बऱ्याचदा घसरतात. ई. कोलायकडे या जीनच्या ७ प्रती असतात, एक बिघडली तरी बाकीच्या औषध धरून ठेवतात, मायकोप्लाझ्माकडे मोजक्याच प्रती, त्यामुळे एका बदलानं पूर्ण चित्र फिरतं. लॅबमध्ये जंतूला थोड्या थोड्या टायलोसिनमध्ये पुन्हा पुन्हा वाढवलं तर तो फार पटकन सरावतो, एन्रोफ्लॉक्सासिनला हळूहळू पायऱ्या चढत सरावतो, टियामुलिनला मात्र अवघड जातं. फार्मवरही साधारण तसंच दिसतं.

तर टायलोसिन खरंच गेलंय का हे आधी तपासून घ्या, कधी कधी औषध ठीक असतं आणि डोसच पोचलेला नसतो. कल्चर होत नसेल तर हल्ली पीसीआर करून त्या जीनचं सिक्वेन्सिंग करता येतं, स्वॅबवरूनच कळतं की बदल झालाय की नाही, दोन-तीन आठवडे थांबावं लागत नाही. एन्रोसाठीही तसंच, जायरेज आणि पार-सी (parC) या जीनमधले बदल बघतात. टायलोसिन गेलंय असं निघालं तर वेगळ्या गटातलं औषध हवं, त्याच गटातलं वेगळ्या नावाचं नको. याला एक अपवाद म्हणजे टायल्वालोसिन, गट तोच असूनही काही टायलोसिन न जुमानणाऱ्या स्ट्रेनवर त्याची एमआयसी कमी राहते, पण तेही आकडा बघूनच.

प्रश्न: लेअरला डॉक्सिसायक्लिन दिलं, रिपोर्टमध्ये ते चांगलं आलं होतं, तरी काही उपयोग झाला नाही. बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो.

उत्तर: तो पांढरा थरच तुमचं उत्तर आहे. डॉक्सि आणि टेट्रासायक्लिनचे सगळे भाऊबंद कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह दिसलं की त्याला चिकटतात आणि मग आतड्यातून शोषले जात नाहीत. डॉक्सि त्यातल्या त्यात कमी चिकटतं, ऑक्सिटेट्रासायक्लिन फार. लेअरच्या फीडमध्ये आधीच ४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम, त्यात असं जड पाणी, म्हणजे औषधाचा मोठा भाग कोंबडीच्या रक्तात न जाता विष्ठेतून खालच्या भुश्यावर. पाण्याचा हार्डनेस तपासून घ्या, डॉक्सि देताना पाणी थोडं आम्ल असावं म्हणून सिट्रिक ॲसिड घालतात, आणि ज्या टाकीत डॉक्सि आहे तिथे कॅल्शियमचं टॉनिक, मिनरल मिक्श्चर काही घालू नका. एन्रोफ्लॉक्सासिनलाही कॅल्शियम-मॅग्नेशियम आवडत नाही, पण त्याचं पाण्यातून द्यायचं औषध अल्कलीत विरघळवलेलं असतं, त्यात सिट्रिक ॲसिड टाकलंत तर ते खाली बसेल, तेव्हा एकाचं शहाणपण दुसऱ्याला लावू नका.

आणखी एक, कोंबड्या अंड्यावर आहेत. ही अंडी लोक खाणार आहेत, डॉक्सि आणि एन्रो दोन्ही खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊ नयेत असं कित्येक ठिकाणी लेबलवरच छापलेलं असतं. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, डॉक्टरांना विचारा, आणि दिलंच असेल तर अंडी किती दिवस बाजूला काढायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

प्रश्न: टियामुलिन चालू केलं आणि तिसऱ्या दिवशी पक्षी पायावर उभे राहीनात, काही लुळे पडले. औषध जास्त झालं का?

उत्तर: टियामुलिन आत्ता बंद करा आणि फीडच्या पोत्यावर सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन यातलं काही नाव आहे का बघा. असलं तर ते फीडही काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. ही कॉक्सिडिओसिसची औषधं लिव्हर मोडून बाहेर टाकतं, टियामुलिन लिव्हरचं तेच काम अडवतं, मग फीडमधला नेहमीचा डोससुद्धा शरीरात साठून विषारी होतो, पाय लुळे पडतात, पक्षी खात नाही, मरतोही. टियामुलिन द्यायचं तर ही औषधं आधी ७ दिवस आणि नंतर ७ दिवस फीडमध्ये नकोत. मला या प्रश्नानं खरंच वाईट वाटलं कारण हे टाळता येण्यासारखं होतं, औषध लिहून देणाऱ्यानं फीड कुठलं एवढं एक विचारायला हवं होतं.

प्रश्न: कोंबड्यांचे पाय आणि सांधे सुजलेत, काही लंगडतात, एमएस पॉझिटिव्ह आलाय. शेजारच्या फार्मवर एमजीला एरिथ्रोमायसिननं गुण आला होता, तेच देऊ का?

उत्तर: देऊ नका. एमएसच्या रायबोसोममध्ये जन्मजातच असा फरक आहे की एरिथ्रोमायसिन त्याच्यावर चालत नाही, एमजीवर चालू शकतं. दोघं भाऊ असले तरी प्रत्येकाची टेस्ट वेगळी. आणि सुजलेल्या सांध्यात जुना चिकट पू साठला असेल तर औषध तिथवर नीट पोचत नाही, लंगडणारे सगळेच पक्षी सरळ होतील अशी आशा धरू नका, औषधाचा फायदा जास्त होतो तो लवकर दिल्यावर. तुम्ही अंड्यांबद्दल लिहिलं नाहीये, पण एमएसच्या काही स्ट्रेनमुळे अंड्याच्या निमुळत्या टोकाचं कवच पातळ, काचेसारखं होतं आणि तिथेच तडकतं, तेवढं बघून घ्या.

प्रश्न: ताई, आमचा ब्रीडर फ्लॉक (पिल्लांसाठी अंडी देणारा कळप) आहे. एमजी निघाला, कोर्स पूर्ण केला, पक्षी आता एकदम ठणठणीत. पण महिन्यानं रक्त तपासलं तर परत पॉझिटिव्ह. म्हणजे औषध चाललंच नाही का?

उत्तर: चाललं, पण औषधाकडून तुम्ही जी अपेक्षा केली ती ते पूर्ण करूच शकत नाही. रक्ताच्या टेस्टमध्ये अँटिबॉडी दिसतात, त्या पक्षी बरा झाला तरी महिनोन्महिने राहतात, त्यामुळे नुसत्या त्यावरून औषधाचा निकाल लावता येत नाही. पण श्वासनळीचे स्वॅब घेऊन पीसीआर केलीत तरी काही पक्ष्यांत जंतू सापडण्याची शक्यता बरीच आहे. चांगल्या एमआयसीचं औषध, बरोबर डोस, पूर्ण दिवस, सगळं नीट करूनही एमजी फ्लॉकमधून पूर्ण जात नाही. तो पेशींच्या आतही शिरून बसतो, अंगावरची प्रोटीनं बदलत राहतो, आणि ताण आला, थंडी, लसीकरण, अमोनिया, अंडी सगळ्यात जास्त येण्याचा काळ, की परत डोकं वर काढतो. एकदा एमजी झालेला फ्लॉक हा शेवटपर्यंत एमजीचा फ्लॉक असं धरून चालायचं.

ब्रीडरमध्ये हे जास्त जड जातं कारण जंतू अंड्यातून पिल्लात जातो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त, मग कमी होत जातो पण थांबत नाही. औषधानं अंड्यातून जाणारं प्रमाण कमी होतं हे खरं आहे आणि तेवढ्यासाठी ते द्यायला माझी हरकत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, हजारो अंड्यांतून दोन-चार जरी गेली तरी हॅचरमधून निघालेलं ते एक पिल्लू आपल्याबरोबरच्यांना लागण करतं. पूर्वी यावर खूप उपाय करून बघितलेत, कोमट अंडी गार टायलोसिनच्या द्रावणात बुडवायची म्हणजे आतली हवा आकसून औषध आत ओढलं जातं, किंवा अंडी उबवण्याआधी ४६.१ अंशांपर्यंत हळूहळू तापवायची. जंतू कमी झाला, पण बुडवण्याच्या पाण्यातून दुसरेच जंतू अंड्यात शिरायचे आणि तापवल्यानं हॅच घटायची. मौल्यवान वंश वाचवायला त्यांचा उपयोग झाला, रोजच्या कामाला नाही. जगात जिथे जिथे एमजी आटोक्यात आलाय तिथे तो जंतूमुक्त ब्रीडर ठेवून आणि सतत तपासणी करूनच आलाय. तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही हे मला कळतंय, पण या फ्लॉकची अंडी पुढच्या ब्रीडरसाठी उबवू नका.

प्रश्न: एमजीची लाईव्ह लस दिली, त्याच आठवड्यात पक्षी शिंकत होते म्हणून टायलोसिन दिलं. चालेल ना?

उत्तर: नाही. एफ, टीएस-११, ६/८५ या लसी म्हणजे सौम्य केलेला जिवंत मायकोप्लाझ्माच, टायलोसिन त्यालाही मारतं. लस वाया गेली असं धरा आणि परत द्यायची का ते डॉक्टरांशी बोला. लाईव्ह लसीच्या आधी आणि नंतर मायकोप्लाझ्मावर चालणारं कुठलंच औषध पाण्यात किंवा फीडमध्ये नको, किती दिवस ते लसीच्या कागदावर असतं.

प्रश्न: आजार व्हायच्या आधीच थोडं थोडं टायलोसिन किंवा एन्रो दर आठवड्याला देत राहिलं तर? आमच्या भागात बरेच जण करतात.

उत्तर: बरेच जण करतात म्हणूनच टायलोसिन आणि एन्रो बऱ्याच जणांकडे चालेनासं झालंय. जंतूला औषधाची सवय लावायची असेल तर लॅबमध्ये आम्ही नेमकं हेच करतो, मारणार नाही एवढं कमी औषध आणि पुन्हा पुन्हा. फ्लॉकमध्ये एमजी असेल तर तो अशा डोसानं जात नाही, नुसता दबून राहतो, लक्षणं झाकली जातात, तपासणीतही कधी कधी सापडत नाही, आणि मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध निकामी.

एन्रोबद्दल तर मला जास्त कळकळीनं सांगायचंय. त्याच गटातली औषधं माणसांच्या गंभीर आजारांत लागतात. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू असतो, तो एन्रोला सरावला की मांसातून माणसात येतो आणि तिथे डॉक्टरांचं औषध चालत नाही, याच कारणावरून अमेरिकेत २००५ साली कोंबड्यांमधला एन्रोफ्लॉक्सासिनचा वापर बंद केला गेला. आपण शेडमध्ये एमजीसाठी दिलेलं औषध फक्त एमजीलाच भेटत नाही, पक्ष्याच्या पोटातल्या बाकी सगळ्या जंतूंना पण भेटतं. एन्रो द्यायचंच तर आजार निश्चित झाल्यावर, आकडा बघून, वजनाप्रमाणे पूर्ण डोस, आणि ठरलेले दिवस. कमी डोसात जास्त दिवस हा त्याचा सगळ्यात वाईट वापर.

त्या पैशात हवा खेळती ठेवा. शेडमध्ये गेल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया आधीच २५ पीपीएमच्या आसपास किंवा वर गेलाय आणि त्या हवेत श्वासनळीतले तंतू मायकोप्लाझ्मा नसतानाही मरतात. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र नकोत. आणि लोकांची ये-जा कमी करा, एमजी बाहेर फार टिकत नाही, साध्या जंतुनाशकानंही मरतो, पण पिसांवर आणि माणसाच्या केसांवर दोन-तीन दिवस जगतो, म्हणजे एका फार्मवरून दुसऱ्यावर जायला तेवढे पुरे.

प्रश्न: आज सकाळपासून घरघर ऐकू यायला लागलीय. आधी औषध सुरू करू की आधी नमुना? नमुना देऊन आठवडे थांबलो तर लॉट जाईल.

उत्तर: आधी नमुना, पण थांबायचं नाही, दोन्ही आजच. औषधाचा एक डोस जरी पोटात गेला तरी कल्चरमध्ये जंतू वाढेनासा होतो, म्हणून स्वॅब पहिले. जास्त आजारी आणि आत्ताच आजारी पडलेले दहा-वीस पक्षी निवडा, चोच उघडली की वरच्या टाळूला जी फट दिसते तिथून आणि श्वासनळीतून स्वॅब फिरवून घ्या, कल्चरसाठीचा स्वॅब लॅबनं दिलेल्या मिडियममध्ये बुडवूनच ठेवायचा, कोरडा पडला तर जंतू मरतो, पीसीआरसाठीचा कोरडाही चालतो. बर्फावर ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, 'मायकोप्लाझ्मा कल्चर आणि एमआयसी', नाहीतर परत ई. कोलायचाच रिपोर्ट येईल. वातपिशव्यांत पू दिसत असेल तर त्याचा ई. कोलायसाठी वेगळा स्वॅब द्या, ते उत्तर दोन-तीन दिवसांत मिळेल आणि तेही उपयोगाचं आहे.

स्वॅब गेले की डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध सुरू करा, मागच्या लॉटमध्ये काय दिलं होतं आणि कशाचा गुण आला नव्हता ते त्यांना सांगा. एमआयसीचा आकडा येईपर्यंत हा लॉट बहुधा विकूनही झालेला असेल, तरी तो आकडा टाकून देऊ नका, तारीख घालून वहीत लिहून ठेवा, पुढच्या लॉटला घरघर आली तर पहिल्या दिवशी हातात धरायला तेवढंच असणार आहे.